संध्याकाळी सहाचं कोर्ट कुणाचं?

चीनच्या लिन डानने बॅडमिंटनमधलं पुरुष एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण दोनदा जिंकलं, २००८ मध्ये बीजिंगला आणि २०१२ मध्ये लंडनला. लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये ते जिंकणारा तो पहिला खेळाडू. जागतिक अजिंक्यपद पाच वेळा, ऑल इंग्लंड स्पर्धा सहा वेळा, आशियाई क्रीडा स्पर्धेतलं एकेरीचं सुवर्ण दोन वेळा, आणि २०२० च्या जुलैमध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा वय ३६. अशी कारकीर्द वाचली की आपल्याकडे तिचे दोन अर्थ लावले जातात. काहींच्या मते ही दैवी देणगी, असा माणूस शतकातून एकदा जन्माला येतो. इतरांच्या मते हा चिनी पोलादी यंत्रणेचा माल. तिथे कोवळ्या पोरांना आईबापांपासून तोडून क्रीडाशाळेत डांबतात, आपल्याला ते जमणार नाही आणि जमू नये. दोन्ही अर्थ पटकन पटतात, कारण दोन्हींतून आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. देणगी असेल तर वाट पाहायची, यंत्रणा क्रूर असेल तर नाक मुरडायचं. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या हॉलमध्ये आज संध्याकाळी काय चाललं आहे याचा विचार करण्याची गरज दोन्हीकडे उरत नाही. मला वाटतं, लिन डानच्या कारकिर्दीतून घेण्याजोगी गोष्ट या दोन्हींपेक्षा बरीच साधी आहे. वयाच्या आठ ते सोळा या वर्षांत, घराच्या आवाक्यात, एक कोर्ट, एक प्रशिक्षक आणि तोडीचे सोबती सलग मिळणं, आणि ही सोय सार्वजनिक पैशातून होणं. एवढं जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतं तिथे विजेते निपजतात. ठाण्याने यातला काही भाग करून दाखवला आहे. कल्याण-डोंबिवलीने तो पुढे न्यायला हवा.

लिन डानच्या पदकांपेक्षा त्याचा एक पराभव जास्त शिकवतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला तो जागतिक क्रमवारीत पहिला म्हणून गेला आणि पहिल्याच फेरीत सिंगापूरच्या रोनाल्ड सुसिलोकडून हरून परतला. वीस वर्षांचा मुलगा, देशभर नाचक्की. निव्वळ देणगीवर चालणारं करिअर अशा ठिकाणी कोलमडतं. त्याचं कोलमडलं नाही, कारण हरून परतायला जागा होती: तोच संघ, तेच सरावाचे सोबती, आणि थांग शियानहूसारखा मुरलेला प्रशिक्षक. हे थांग शियानहू कोण, तर इंडोनेशियात जन्मलेले, तरुणपणी चीनमध्ये परतलेले आणि साठच्या दशकात खेळलेले दिग्गज. १९६५ च्या डेन्मार्क-स्वीडन दौऱ्यात चिनी संघ एकही सामना हरला नाही, त्या संघातले ते. त्यांच्याही आधी, १९५४ मध्ये, वांग वनच्याव आणि चेन फूशोउ हे दोन तरुण इंडोनेशिया सोडून चीनमध्ये आले होते. तेव्हा चीनमध्ये बॅडमिंटनची म्हणावी अशी परंपराच नव्हती. त्यांनी फुजियान प्रांताचा संघ उभा केला. सांस्कृतिक क्रांतीत खेळ बंद पडले, तेही गेले खेड्यात, आणि १९७२ मध्ये वांग वनच्याव राष्ट्रीय संघ बांधायला परत आले. चीन आंतरराष्ट्रीय महासंघात आला १९८१ मध्ये, आणि १९८२ मध्ये लंडनला पहिल्याच प्रयत्नात इंडोनेशियाला ५-४ असं हरवून पुरुष संघांचा थॉमस चषक घेऊन गेला. लिन डान त्याच फुजियानमधला, लाँगयान भागातला. पाचव्या वर्षी त्याच्या हातात रॅकेट आली, बारा-तेराव्या वर्षी तो सैन्याच्या क्रीडापथकात दाखल झाला, अठराव्या वर्षी राष्ट्रीय संघात. तो जन्मण्याआधी जवळजवळ तीस वर्षं त्या प्रांतात कुणीतरी हा खेळ शिकवत होतं, ही गोष्ट त्याच्या मनगटाइतकीच महत्त्वाची आहे.

वांग वनच्याव यांचा जन्म १९३३ चा. आपले नंदू नाटेकरही १९३३ चेच, सांगलीचे. नाटेकर १९५४ मध्ये ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले, १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत बसले. त्या काळात जगाला वांग वनच्याव हे नावही ठाऊक नव्हतं. बॅडमिंटनचे नियम पहिल्यांदा आकाराला आले ते एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात, प्रा. दि. ब. देवधरांच्या मुलींनी चाळीसच्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं घरी आणली, नाटेकरांच्या हातातली जादू पाहायला लोक गर्दी करत. सुरुवात आपली होती, चीनची नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत चित्र उलटं झालं, आणि त्याचं कारण गुणवत्तेचा दुष्काळ हे खचितच नाही. आपण नाटेकरांचा सत्कार केला, चीनने वांग वनच्याव यांना मुलं दिली. विजेत्याचं ज्ञान त्याच्याबरोबर संपू द्यायचं की ते दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या पायांत उतरवायचं, याचा निर्णय तिथे एका बाजूने झाला आणि आपल्याकडे तो झालाच नाही. पुढे आपल्याकडेही प्रकाश पदुकोण आणि पुल्लेला गोपीचंद यांनी हे काम हाती घेतलं, आणि त्याचं फळ दिसलंच. पण ते मुख्यतः त्यांच्या व्यक्तिगत जिद्दीवर उभं राहिलं. गोपीचंदांना सरकारकडून जमीन मिळाली खरी, पण अकादमी उभी करण्यासाठी त्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. नगरव्यवस्थेचा नेहमीचा भाग म्हणून हे काम कुठे चालत असेल तर ती उदाहरणं मोजकी आहेत, आणि त्यांपैकी एक ठाण्यात आहे.

त्याकडे वळण्याआधी 'शिकवणं' म्हणजे काय हे जरा जवळून पाहायला हवं, कारण हॉल बांधला की खेळाडू होतात या समजुतीचा उलगडा तिथेच होतो. चिनी प्रशिक्षणाने जगभर रुजवलेला एक सराव म्हणजे मल्टी-शटल. प्रशिक्षक जाळीपलीकडे उभा राहतो, डाव्या हातावर कोपरापर्यंत शटलची चळत, आणि उजव्या हाताने तो एकामागून एक शटल मारत सुटतो: पुढे उजवीकडे, मागे डावीकडे, पुन्हा पुढे, मग अंगावर. समोरच्या मुलीला श्वास घ्यायला उसंत नाही. ती वीस-पंचवीस शटल घेते, बाजूला होते, दुसरी येते, उरलेली मुलं कोर्टभर विखुरलेली शटल गोळा करतात. बघणाऱ्याला वाटतं ही दमछाक आहे. प्रशिक्षक मात्र एकाच गोष्टीकडे बघत असतो: मागच्या कोपऱ्यातून टॉस, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका, मारल्यावर तिचा कोणता पाय आधी टेकला, आणि मध्यावर परत यायला तिने किती पावलं घेतली. गेल्या आठवड्यात तिथे एक पाऊल जास्त पडत होतं हे त्याला आठवत असलं तर या सरावाला अर्थ. त्यासाठी लागतं ते असं: दीड-दोन तास सलग मोकळं कोर्ट, टोपलीभर वापरलेली पण पिसांची शटल, सहा-आठ तोडीची मुलं, आणि तीन वर्षांनंतरही तिथेच असणारा प्रशिक्षक. उंच छत लागतं, कारण सोसायटीच्या बुटक्या सभागृहात टॉस शिकता येत नाही. पंखे बंद लागतात, कारण पाच ग्रॅमच्या आसपासचं शटल वाऱ्याच्या झुळकीनेही वाहवतं. नायलॉनच्या शटलवर शिकलेल्या मुलाला पिसांच्या शटलवर आल्यावर वेळेचं गणित नव्याने जमवावं लागतं, कारण दोन्हींचा वेग वेगवेगळ्या तऱ्हेने मंदावतो. आणि सोळा पिसांचं ते शटल दोन-चार जोरकस स्मॅशनंतर फाटू लागतं. चीनमध्ये बदकं-हंसांचं पालन घटलं की इथल्या शटलच्या डब्याचा भाव चढतो, आणि तो चढला की आधी गळतो तो रिक्षावाल्याचा किंवा गिरणीत काम करणाऱ्याचा मुलगा.

चिनी संघात आणखी एक वर्ग असतो, ज्याची नावं जगाला कळत नाहीत. अव्वल खेळाडूचा सराव व्हावा म्हणून समोर उभे राहणारे. कुणी डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, कुणी महिला खेळाडूसमोर पुरुषाच्या ताकदीने स्मॅश मारतो. लिन डान घडायला असे किती हात लागले असतील! आपल्याकडचा गुणी मुलगा चौदाव्या वर्षी आपल्या हॉलमधल्या सगळ्यांना हरवू लागतो आणि तिथेच त्याची वाढ खुंटते, कारण त्याला हरवणारं कुणी उरत नाही. एकटा हिरा ही कल्पना कथेत छान दिसते. बॅडमिंटनमध्ये एकटा खेळाडू नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते.

आता ठाणे. दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या आवारात खंडू रांगणेकरांच्या नावाचा बॅडमिंटन हॉल आहे. रांगणेकर १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताकडून तीन कसोटी खेळले, ते बॅडमिंटनही उत्तम खेळत, आणि ठाणेकरांनी त्यांचं नाव क्रिकेटच्या स्टँडऐवजी या हॉलला दिलं हे मला फार आवडतं. ठाणे महापालिकेची सय्यद मोदी यांच्या नावाची प्रशिक्षण योजना श्रीकांत वाड यांच्या मार्गदर्शनाखाली इथे वाढली. राष्ट्रीय विजेतेपदावर वर्षानुवर्षं पकड ठेवणाऱ्या आणि १९८८ मध्ये लखनौत ऐन उमेदीत मारल्या गेलेल्या खेळाडूचं नाव, महापालिकेचा हॉल, आणि वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी उभा असलेला प्रशिक्षक. दुहेरीत भारताचं प्रतिनिधित्व केलेला अक्षय देवलकर ठाण्याचा. राज्य स्पर्धांचे निकाल चाळले तर ठाण्याची नावं सातत्याने दिसतात. ठाण्याच्या पाण्यात काही विशेष आहे म्हणून हे घडलं नाही. फुजियानमध्ये जे मोठ्या प्रमाणावर झालं तेच इथे लहान प्रमाणावर झालं: जागा ठरलेली, माणूस ठरलेला, आणि दरवर्षी नवी मुलं येऊन जुन्या मुलांना हरवण्याचा प्रयत्न करणारी. शिवाय या प्रशिक्षणाला महापालिकेचं छत मिळालं, म्हणून ते बाजाराच्या भाड्यावर सर्वस्वी अवलंबून राहिलं नाही.

ठाण्यापुढे वीस किलोमीटरवर कल्याण, आणि मध्ये डोंबिवली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती, कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास. दोन्ही महापालिका जुन्या, ठाण्याची १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुल आहे, जिमखाना आहे, खेळाची हौस आहे, आणि मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारा मध्यमवर्ग तर इथला जगजाहीर आहे. तरीही ठाण्याइतकी दीर्घकाळ चाललेली, नावारूपाला आलेली बॅडमिंटनची सार्वजनिक योजना या साडेबारा लाखांच्या वाट्याला आलेली नाही. ज्याला गंभीरपणे खेळायचं आहे त्याने ठाणं किंवा मुंबई गाठायची. म्हणजे शाळा सुटल्यावर पाठीवर दप्तर आणि किटबॅग दोन्ही घेऊन लोकल पकडायची. जाताना एक वेळ जमेल, गर्दी उलट दिशेची असते. रात्री परतताना मात्र ठाण्याला डोंबिवली-कल्याणच्या गाडीत शिरणं म्हणजे काय हे इथल्या वाचकाला सांगायला नको. बारा वर्षांच्या मुलीला त्या गर्दीत रोज कोण पाठवील? आई किंवा वडील सोबत जाणार, म्हणजे घरातल्या एकाची नोकरी नाहीतर संध्याकाळ गेली. ज्या घरात ती सोडण्याइतकी ऐपत आहे तिथलीच मुलगी खेळणार. गुणवत्तेची चाळणी लागण्याआधी रेल्वेच्या वेळापत्रकाची चाळणी लागते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'ज्याच्यात धमक आहे तो वाट काढतोच'. पुरावा म्हणून पी. व्ही. सिंधूचं उदाहरण दिलं जातं, लहानपणी ती रोज ५६ किलोमीटरचा प्रवास करून गोपीचंदांच्या शिबिराला वेळेवर हजर असायची. ते खरं आहे आणि तिच्या जिद्दीला सलाम. पण तिचे आईवडील दोघेही राष्ट्रीय पातळीवरचे व्हॉलीबॉलपटू होते, वडील तर अर्जुन पुरस्कारविजेते. मुलीला रोज एवढ्या लांब नेणं म्हणजे काय आणि कशासाठी, हे त्या घराला शिकवावं लागलं नाही. वाट काढणाऱ्या एकीची गोष्ट आपण ऐकतो, वाट न सापडलेल्या पन्नासांची कुणी लिहीत नाही, आणि मग त्या एकीवरून नियम काढतो. प्रवासाचा त्रास हा खेळाडूच्या घडणीचा भाग आहे असं मानणं म्हणजे अडथळ्यालाच प्रशिक्षक समजणं. दुसरं उदाहरण दुहेरीतल्या चिराग शेट्टीचं. तो मुंबईचा. उदय पवार यांच्यासारख्या जुन्या दुहेरीच्या खेळाडूने चालवलेल्या अकादमीत तो तयार झाला, पुढे हैदराबादला गेला, तिथे मलेशियन प्रशिक्षकाने त्याची सात्त्विकसाईराज रंकिरेड्डीशी जोडी जमवली, आणि ही जोडी थॉमस चषक, आशियाई सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान इथवर पोचली. वरच्या पायऱ्या देशात आता आहेत, हेच यातून दिसतं. खालच्या पायऱ्या मात्र कुणाच्या घराजवळ आहेत आणि कुणाच्या नाहीत, हा नशिबाचा भाग राहिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. चीनची पदकं जबरदस्तीतून आली, तिथे खेळाडू हा राज्ययंत्रणेच्या मालकीचा असतो, मग तिथून काय शिकायचं? आरोप खरा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात झोऊ मीला झांग निंगपुढे हरायला सांगितलं होतं, हे खुद्द मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे कबूल केलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये असाच आदेश आपल्याला मिळाला होता असं ये चाओयिंगने २०२२ मध्ये सांगितलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार महिला जोड्यांना बाद केलं गेलं, त्यात चीनची अव्वल जोडीही होती. (त्याच लंडनमध्ये चीनने बॅडमिंटनची पाचही सुवर्णं नेली, हेही नोंदवायला हवं.) बॅडमिंटनबाहेर पाहिलं तर २००६ मध्ये झोऊ चुनलान ही माजी राष्ट्रीय वेटलिफ्टिंग विजेती स्नानगृहात मालीश करून पोट भरताना सापडली. लहानपणी शाळा सुटलेली, हातात दुसरं कसब नाही, खेळ संपल्यावर यंत्रणेने हात झटकले. या गोष्टी लपवून चीनचं कौतुक करणाऱ्याशी माझं मुळीच जमायचं नाही.

पण त्या यंत्रणेतला चाबूक आणि तिच्यातली शिडी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि शिडी चाबकाशिवाय उभी राहते याचा धडधडीत पुरावा डेन्मार्क आहे. साठ लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येचा देश. तिथे मुलं आईबापांच्या घरी राहतात, नेहमीच्या शाळेत जातात, संध्याकाळी गावातल्या क्लबात खेळतात. स्थानिक पालिकांनी अशा संस्थांना हॉल उपलब्ध करून द्यायचे आणि मुलांच्या खेळाला साहाय्य करायचं, हे तिथे कायद्याने ठरलेलं आहे. पहिल्या पायऱ्यांवरचं कितीतरी काम हौशी माणसं बिनपगारी करतात. ओडेन्स हे असंच एक शहर, लोकसंख्या दोन लाखांच्या घरात, म्हणजे डोंबिवलीहूनही लहान. व्हिक्टर ॲक्सेलसन तिथला. लिन डाननंतर लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये, टोकियो आणि पॅरिसला, पुरुष एकेरी जिंकणारा तोच. २०१६ मध्ये डेन्मार्कने चीनच्याच भूमीवर, कुनशानला, थॉमस चषक जिंकला. राजकीय व्यवस्था टोकाची वेगळी, संस्कृती वेगळी, खाणंपिणं वेगळं, आणि तरी फुजियान आणि ओडेन्स यांच्यात जे समान निघतं ते नेमकं तेच: घराच्या आवाक्यातलं कोर्ट, राखून ठेवलेली वेळ, टिकून राहणारा प्रशिक्षक, आणि सार्वजनिक पैसा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली मिळून २०११ मध्येच डेन्मार्कच्या निम्म्याहून अधिक लोक राहत होते. लोकसंख्येची सबब आपल्याला उरत नाही.

खाजगी अकादम्या आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, घोडबंदर रोडपासून कल्याणच्या नव्या वसाहतींपर्यंत त्या निघाल्या आहेत, आणि त्यांतल्या चांगल्यांनी पुष्कळ मुलांच्या हातात रॅकेट दिली. पण खाजगी हॉलचं भाडं कोर्टाच्या तासावर वसूल होतं. संध्याकाळचा तास सगळ्यांत महाग, आणि तो चार कमावत्या प्रौढांना दिला तर एका घासाघीस करणाऱ्या पालकापेक्षा जास्त पैसे मिळतात. मालक दुष्ट नसतो, त्याचं गणितच तसं असतं. म्हणून एका कोर्टावर बारा-बारा मुलं एका तासात उरकावी लागतात, आणि वर सांगितलेला दीड-दोन तासांचा सलग सराव मिळतो तो स्वतंत्र शिकवणी परवडणाऱ्यालाच. बाजार खेळाडू घडवू शकत नाही असं माझं म्हणणं नाही. बाजार कुणाला घडवेल हे आईवडिलांच्या पगारावर ठरतं, इतकंच. आणि सार्वजनिक हॉलनेही बाजाराचंच गणित उचललं, पहाट आणि संध्याकाळ सभासदांना आणि दुपार मुलांना असं वाटप केलं, तर त्या हॉलला सार्वजनिक म्हणायचं कशासाठी? दुपारी मुलं शाळेत असतात.

राहिला पैशाचा प्रश्न. पाण्याची बोंब, खड्डे, डम्पिंग ग्राउंड, यांतून मान वर निघत नसताना महापालिकेने पिसांच्या शटलवर खर्च करावा का? कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकाने हा प्रश्न विचारला तर त्याला उडवून लावता येणार नाही, त्याने पुष्कळ सोसलं आहे. पण मी नव्या भव्य संकुलाची मागणी करत नाही. संकुलं बांधायचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे, कारण त्यात कंत्राट असतं, कोनशिला असते, फीत कापायला मिळते. नंतर छत गळतं, लाकडी तळ फुगतो, प्रशिक्षकाचं पद रिकामं राहतं. माझी मागणी उलट्या बाजूने येते. जे हॉल आज उभे आहेत त्यांतले संध्याकाळचे तास मुलांसाठी राखा, प्रशिक्षकाला अकरा महिन्यांच्या करारावर टांगून न ठेवता दीर्घ मुदतीने नेमा, आणि शटलचा खर्च योजनेत धरा, पालकांच्या खिशावर टाकू नका. सिमेंटपेक्षा हे स्वस्तच पडेल. आणि यातून एकही ऑलिंपिकपटू निघाला नाही तरी पैसा वाया गेला असं होणार नाही. दोनशे मुलं-मुली आठवड्यातून पाच संध्याकाळी घाम गाळतात, हरायला शिकतात, आपल्याहून सरस खेळणाऱ्याला हात मिळवून घरी जातात, हे शहराच्या कामांत बसतं. वाचनालयातून किती लेखक निघाले यावर आपण वाचनालयाचा खर्च ठरवत नाही.

राज्य सरकार खेळाडूंसाठी काही करत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, शिवछत्रपती पुरस्कार आहेत, पदकविजेत्यांना रोख बक्षिसं आहेत, बालेवाडीचं संकुल आणि निवासी क्रीडाप्रबोधिनी आहेत. हे सगळं मोलाचं आहे. पण यादी नीट पाहिली तर यातलं बहुतेक सगळं यश मिळाल्यानंतर हातात पडतं, किंवा मूल घर सोडायला तयार झाल्यावर. नवव्या वर्षी, पहिल्यांदा रॅकेट धरताना, घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर काय आहे? तिथे सरकार नाही, तिथे महापालिकाच असू शकते. शिडीचा विचार करताना उतरायची पायरीही बांधायला हवी, झोऊ चुनलानच्या बाबतीत चीन जिथे चुकला ती. आपल्याकडे मुलं दहावीच्या वर्षी रॅकेट टांगून ठेवतात ती बहुधा कायमची, आणि आठ वर्षांची मेहनत कोपऱ्यात पडते. अशा मुलामुलींना पंच, सहायक प्रशिक्षक, सरावाचे सोबती म्हणून थोड्या मानधनावर हॉलशी बांधून ठेवता आलं तर पुढच्या पिढीला ते तोडीचे हात मिळतील, ज्यांच्यावाचून चौदाव्या वर्षी वाढ खुंटते. फुजियानमध्ये हेच झालं. कालचा खेळाडू आजच्या मुलासमोर जाळीपलीकडे उभा राहिला, आणि अशा तीन पिढ्यांनंतर लिन डान आला.

म्हणून कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यातल्या पालकांना एकच विनंती आहे. प्रभागात मत मागायला येणारा उमेदवार नव्या क्रीडासंकुलाचं चित्र दाखवू लागला की त्याला तीन प्रश्न विचारा. आपल्या हॉलमधलं संध्याकाळी सहा ते आठचं कोर्ट कुणाला दिलं आहे? तिथे शिकवणारा प्रशिक्षक किती वर्षांसाठी नेमला आहे? आणि शटलचे पैसे कोण भरतं? उत्तरं लेखी मागा, आणि वर्षभराने पुन्हा विचारा.